ताशी बारा किलोमीटर: सिम्प्सन वाळवंटातले पाच दिवस

ऑस्ट्रेलियाच्या सिम्प्सन वाळवंटातल्या सायकल शर्यतीत सगळ्यात मागून एक गाडी येते, सरासरी ताशी १२ किमीने. ती तुम्हाला गाठून पुढे गेली की तो टप्पा तुमच्यापुरता संपला. सायकल टपावर, तुम्ही आत. पुढच्या टप्प्याला परत सुरुवात करता येते, पण अख्खं अंतर स्वतःच्या पायांवर केलेल्यांच्या यादीतून नाव गेलं ते गेलंच. पहिला कोण आला याइतकीच इथे ‘शंभर टक्के कुणी केलं’ याचीही चौकशी होते.

ताशी बारा म्हणजे काय हो, पुण्यात भाजी आणायला जाणारा माणूस साध्या सायकलवर त्याहून जोरात जातो. पहिल्यांदा नाव नोंदवणारा हा आकडा ऐकून निवांत होतो, आणि तिथेच फसतो.

आधी जागा समजून घ्या. १९८७ पासून चालत आलेली ही शर्यत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पर्नी बोअरहून निघते आणि क्वीन्सलंडमधल्या बर्ड्सव्हिल गावात संपते. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाच दिवस, नऊ टप्पे. पहिले चार दिवस सकाळी साधारण ८० किमी आणि दुपारी साधारण ५०, पाचव्या दिवशी फक्त सकाळ. पाऊस, पूर, रस्त्याची अवस्था बघून मार्ग बदलत राहतो, त्यामुळे एकूण अंतर ५०० ते ६०० किमीच्या दरम्यान कुठेही पडू शकतं. जमणारा निधी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसकडे, म्हणजे विमानाने रुग्ण आणणाऱ्या सेवेकडे जातो. त्या भागात मोबाइलला रेंज नसते आणि जवळचं मोठं हॉस्पिटल शेकडो किलोमीटरवर असतं, हे लक्षात घेतलं की निधी तिकडेच का, हा प्रश्न पडत नाही.

वाळवंटात ११०० हून जास्त लांबलचक, समांतर वाळूच्या टेकड्या आहेत. साधारण उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे अशा त्या पसरलेल्या. आपण पूर्वेला निघालेलो, म्हणजे एकेक टेकडी आडवीच येणार. नशीब इतकंच की पश्चिमेकडचा उतार सौम्य आणि पूर्वेकडचा उभा असतो, त्यामुळे चढ त्यातल्या त्यात बरा मिळतो. पश्चिमेच्या बाजूला टेकड्या बुटक्या आणि दाटीवाटीने, पूर्वेला उंच आणि विरळ. पहिल्या दोन दिवसांत त्यामुळे लय म्हणून लागत नाही. गिअर खाली, गिअर वर, दर काही मिनिटांनी तेच. वाटही धड नाही. फ्रेंच लाइन नावाची इथली वाट म्हणजे १९६३ सालची तेलशोधाची रेघ, आणि पर्नी बोअर त्याच मोहिमेतली विंधणविहीर. तेल लागलं नाही, खोलातून गरम पाणी लागलं, ते आजही वाहतंय. त्याच्या कितीतरी आधीपासून वांगकांगुरू लोक वाळूत खोल विहिरी खणून याच मुलखात राहत होते.

आता बाराचं गणित. ८० किमीला ताशी १२ म्हणजे ६ तास ४० मिनिटं. समजा वाटेत ४० टेकड्या अशा आल्या की प्रत्येकीवर दीडशे मीटर सायकल ढकलत न्यावी लागली. भुसभुशीत वाळूत ढकलण्याचा वेग ताशी ३ किमी धरा. एका टेकडीला ३ मिनिटं, चाळिसांना दोन तास, आणि अंतर कापलं फक्त ६ किमी. उरलेले ७४ किमी ४ तास ४० मिनिटांत, म्हणजे ताशी जवळजवळ १६ ने जायला हवेत. टेकड्या ६० झाल्या तर ढकलण्यातच तीन तास गेले, आणि बाकीचे ७१ किमी ताशी १९ च्या वर. वाळूत, वाऱ्यात, रुंद टायरवर १९ चा वेग कुणाला झेपतो ते ज्याचं त्याने ठरवावं. ही शर्यत टेकडी चढून जाण्यापेक्षा टेकडीवर सायकलवरून न उतरण्याची आहे. ढकलण्याची प्रत्येक टेकडी तीन मिनिटांची.

सायकल फॅट बाइकच, म्हणजे खूप जाड टायरांचीच हवी. साध्या माउंटन बाइकवर पूर्वी लोकांनी हे केलंय, पण तेव्हा ढकलणंही तसंच होतं. टायर २६ इंची, रुंदी ४.६ ते ५ इंच, रिम ८० ते १०० मिलिमीटर. पुढे पायडलजवळ २८ दात्यांची चेनरिंग, मागच्या चाकावर ५० दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच. सगळ्यात हलक्या गिअरवर मिनिटाला ६० पायडल मारले तर वेग ताशी पावणेपाच किमी निघतो. त्याहून हलका गिअर लावून उपयोग नाही, कारण त्याखाली तोल जातो आणि पायी तेवढंच होतं. सस्पेन्शन फोर्क घेऊ नका. वजन वाढतं, सीलमध्ये बारीक रेती जाते, आणि इतका मोठा टायर स्वतःच स्प्रिंगचं काम करतो.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते टायरमधल्या हवेत. वाळूत ३ ते ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढीच हवा लागते, आणि दुकानातला नेहमीचा गेज या पट्ट्यात काहीही दाखवतो. ० ते १५ चा, अर्ध्या पीएसआयचा फरक दाखवणारा गेज विकत घ्या आणि गळ्यात बांधून ठेवा. आता यातली मेख. गेज दाखवतो तो वातावरणाच्या दाबाच्या वरचा आकडा. ४ पीएसआय म्हणजे प्रत्यक्षात १४.७ अधिक ४, एकूण १८.७. पहाटे १० अंशांना भरलेली ही हवा दुपारी ४० अंशांना २०.७ च्या आसपास जाते. म्हणजे गेजवर ६. कुणी हात न लावता टायर दीडपट कडक झाला! सकाळी आरामात चढत होतो त्याच जातीच्या टेकडीवर अकरा वाजता मागचं चाक खड्डा खणायला लागतं, आणि माणूस समजतो की पाय संपले. पाय संपलेले नसतात. थांबा, व्हॉल्व्ह दाबा, चारवर आणा. वीस सेकंदांचं काम आहे.

किती कमी करायची यालाही हद्द आहे. बसल्यावर टायरच्या बाजूला दोन-तीन सुरकुत्या पडल्या तर ठीक. घडी पडायला लागली, किंवा टेकड्यांमधल्या कडक मातीवर वळताना फस्सकन हवा सुटली, तर फार कमी झालीय. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा अर्धा पीएसआय कमी ठेवतात, कारण वजन मागे असतं आणि पुढच्या चाकाने वाळू नांगरायला नको. टायर ट्यूबलेसच घ्या. टायरच्या आत घालायचं, भोक बुजवणारं सीलंट मात्र या उन्हात लवकर सुकतं. निघण्याच्या आदल्या रात्री चाकामागे १२० ते १५० मिलिलिटर ताजं घाला आणि मध्ये एकदा व्हॉल्व्ह उघडून आत काडी बुडवून बघा. दोन सुट्या ट्यूब बरोबर हव्यातच, एकेक अर्ध्या किलोच्या घरात जाते तरी. छोट्या हातपंपाने एवढं टायर भरायला दोनशेच्या वर हात मारावे लागतात. रस्त्यावरच्या सायकलची गॅसची नळकांडी इथे पुरत नाही. म्हणून पंप मोठ्या पोटाचा घ्या.

चेनला ओलं तेल लावून आलेला माणूस पहिल्या दुपारीच ओळखू येतो, सायकल करकरत येते. तेलाला रेती चिकटते आणि तिची पॉलिश पेपरसारखी लेही बनते. चेन, दाते, डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) पुली, सगळं एकदम झिजतं. मेण वितळवून त्यात चेन बुडवलेली असली की रेती झडून जाते. सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे घरूनच तीन-चार चेन मेणात बुडवून, पिशव्यांत घालून आणायच्या आणि रोज सकाळी बदलायच्या. दोन मिनिटांत होतं. डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर आपल्या फ्रेमच्याच मापाचा, दोन नग. तो तिकडे कुणाकडे उसना मिळत नाही, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा. पायडल सपाट की क्लिपवाले, यावर वाद चालतच राहतो. आमचं मत सपाटच्या बाजूने. ढकलून झालं की बुटाखालच्या क्लीटमध्ये, म्हणजे पायडलला अडकणाऱ्या खाचेत, वाळू भरते, बूट अडकत नाही, आणि टेकडीच्या माथ्यावर खाटखूट करण्यात अर्धं मिनिट जातं. बुटांवर कापडी गेटर, म्हणजे घोट्यापर्यंतचं आवरण, शिवून घ्या. मोजा आणि कातडी यांच्या मध्ये शिरलेली रेती दोन दिवसांत टाच सोलते.

टेकडी कशी घ्यायची ते सांगून पूर्ण कळत नाही, पण क्रम असा. सखल पट्ट्यात कडक मातीवर टायरचा आवाज भरडल्यासारखा येत असतो. तो मऊ झाला, ‘सुर्र’ असा यायला लागला की वाळू सुरू झाली. गिअर त्याच क्षणी दोन-तीन खाली, चढ लागायच्या आधी. चढावर ताण देऊन गिअर टाकला तर चेन उडते किंवा हँगर वाकतो. मग बसूनच राहायचं. उभं राहिलात की मागचं चाक हलकं होतं आणि जागच्या जागी फिरतं. कोपर सैल, हँडल नुसतं धरलेलं, पुढचं चाक थोडं भटकलं तर भटकू द्यायचं. पाय गोल, झटका नाही. नजर पुढच्या चाकावर नको, आठ-दहा मीटर पुढे. टायरांत हवा जास्त ठेवून गाड्या चढवल्या की चाकं उडतात आणि चढावर ओळीने खळगे पडतात. अशा जागी गाडीच्या चाकोरीत न जाता दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा किंवा अगदी कडेची, गवताजवळची वाळू बघा. तिथे पापुद्रा थोडा टिकलेला असतो. पहाटेची गार वाळू घट्ट लागते, दुपारची पिठासारखी.

पुढचं चाक रुतलं, वेग चालण्याच्या खाली गेला, की हट्ट नको. लगेच उतरा. शेवटचे चार पायडल जीव तोडून मारल्याने पाच मीटर मिळतात आणि नाडी पुढच्या दोन टेकड्या खाली येत नाही. चेनच्या उलट्या बाजूने, म्हणजे डावीकडून ढकला; पोटरीवर दात्यांचे ओरखडे येत नाहीत. चढाच्या मध्येच परत स्वार होण्याचा प्रयत्न बहुतेकदा फुकट जातो. माथ्यावर जा, मग बसा. उतरताना बूड मागे, पुढचा ब्रेक विसरा, आणि सायकलला धावू द्या. उतारावर फुकट मिळालेला वेग पुढच्या सखल पट्ट्यात जितका टिकवाल तितकी ती तीन मिनिटं परत वसूल होतात. माथ्यापलीकडून गाडी येत असेल तर दिसत नाही. गाड्यांवर त्यासाठीच उंच काठीला झेंडा लावतात. तो बघायची सवय ठेवा.

पाण्याचा हिशोब दोन पाणथांब्यांमध्ये २० किमी धरून करा, म्हणजे जवळजवळ दोन तास. पाठीवरच्या पिशवीत ३ लिटर आणि सायकलवर एक बाटली. पिशवीची नळी उन्हात तापते आणि पहिला घोट चहासारखा येतो, म्हणून प्यायल्यावर फुंकून पाणी मागे ढकलायचं. घाम तासाला लिटरभर सहज जातो, पण कोरड्या वाऱ्यात अंग ओलं दिसत नाही आणि माणूस कमी पितो. उलट चूकही होते: नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, डोकं जड, बोटं सुजल्यासारखी. तहान लागल्याची लक्षणं समजून तो आणखी पाणी पितो. आमच्याकडे यावर एक साधा उपाय आहे. तळावर फळीवर वजनकाटा ठेवायचा, टप्प्याआधी आणि नंतर उभं राहायचं. सत्तर किलोचा माणूस दीड किलोहून जास्त उतरला तर कमी प्यायला. वजन वाढलं तर जास्त प्यायला, आणि त्याला आता पाणी नाही, मीठ द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरमागे साधारण १७०० मिलिग्रॅम सोडियम असतं. ते दिवसभर घशाखाली उतरत नाही. अर्धं पातळ करून एका बाटलीत आणि साधं पाणी पिशवीत, अशी वाटणी चालते.

खाणं तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं. पहिल्या दिवशी जेल, दुसऱ्या दिवशी जेल, तिसऱ्या दिवशी जेलचं पाकीट बघून उमासे. गोडाची शिसारी ठरलेली आहे, तिची सोय आधीच करा. उकडून मीठ-जिरं लावलेले छोटे बटाटे चालतात. गूळपोळी या हवेत उत्तम टिकते, तुकडे करून खिशात ठेवली तर चिकटत नाही. चिक्की मात्र चाळीस अंशांना पाघळून कागदाला बसते. रात्री तळावर मऊ भात, मेतकूट आणि वर तूप. ॲडलेडच्या भारतीय दुकानांत यातलं बहुतेक सगळं मिळतं. पोटाला पाचव्या दिवशीही नको वाटत नाही असं दुसरं काही आम्हाला तरी माहीत नाही.

आता दुपारची सुट्टी. सकाळचा टप्पा सहाला सुटतो, दुपारचा दोनला. ताशी १६ ने येणारा ११ वाजता सावलीत पोचतो, त्याला तीन तास. मागच्या गाडीच्या तोंडावर येणारा १२ वाजून ४० मिनिटांनी पोचतो, त्याला ८० मिनिटं. जो हळू तो उन्हात जास्त, सावलीत कमी, आणि दुपारी त्याच दोन वाजता त्याच रेषेवर. कर्जावर व्याज चढावं तसं हे चढत जातं. त्या ८० मिनिटांत काय करायचं ते आपली गाडी घेऊन आलेल्या सहाय्यकांना लिहून द्या. आल्या आल्या ओला पंचा मानेवर, सायकल त्यांच्या हातात. पहिल्या दहा मिनिटांत पातळ काहीतरी पोटात, ताक असेल तर फारच छान. मग शॉर्ट्स उतरवून ओल्या कपड्याने पुसून, पूर्ण कोरडं होऊन नवी शॉर्ट्स आणि क्रीम. पाच दिवसांना नऊ शॉर्ट्स लागतात, धुण्यावर भरवसा नको. बसायच्या जागेच्या फोडांनी सोडलेली माणसं पाय गेलेल्या माणसांहून कमी नसतात. त्यानंतर जेवण, आणि चाळीस मिनिटं पाय वर करून आडवं. तोवर सहाय्यकाने चेन ब्रशने झाडलेली, ब्रेक पॅडमधली रेती फुंकलेली, आणि सायकल सावलीत ठेवून टायर चारवर आणलेलं असावं. सावलीत मोजलेली हवा उन्हात पुन्हा वाढणार, म्हणून दुपारच्या टप्प्याला चारऐवजी साडेतीन पीएसआय सांगा.

ऊन कुठून लागतं तेही ठरलेलं आहे. सकाळी सूर्य तोंडावर, आणि तिरप्या उजेडात खळगे दिसत नाहीत. दुपारी पाठीवर, तेव्हा मान आणि गुडघ्याच्या मागची लवण भाजते. शिवाय हा दक्षिण गोलार्ध: माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला, म्हणजे पूर्वेला जाणाऱ्याच्या डाव्या हाताला. आपल्याकडच्या सवयीने उजवीकडे क्रीम थापणाऱ्याचा डावा दंड दुसऱ्या दिवशी लाल झालेला असतो. लांब बाह्या घालाव्यात हे बरं. माश्यांसाठी तोंडावर जाळी, फक्त थांबल्यावर.

सहाय्यकांची गाडी चांगली चारचाकी-ड्राइव्हची हवी, आणि तिच्याही टायरांत वाळूसाठी १६ ते १८ पीएसआयच. वाळवंटाच्या पश्चिमेकडचं माउंट डेअर सोडलं की बर्ड्सव्हिलपर्यंत पेट्रोल-डिझेल मिळत नाही. तिघांना सात दिवसांचं पाणी २०० लिटर, म्हणजे तेवढेच किलो, टपावर नाही, खाली आणि पुढच्या बाजूला बांधा. या वाळवंटात वायरलेस चॅनल १० वर बोलतात. टप्प्यात आपली गाडी शेजारी असेल असं गृहीत धरू नका. जे दुरुस्त करायचं ते खिशातल्या अवजारांनी.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याची खरी अडचण वेळापत्रकाची. शर्यतीआधीचे तीन महिने आपल्याकडे पाऊस. समुद्रकिनाऱ्याची ओली, टणक वाळू सरावाला कुचकामी. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू हवी, जशी आंजर्ल्याला किंवा कर्द्याला असते. म्हणून वाळूचा आणि हवेच्या दाबाचा सराव एप्रिल-मेमध्येच उरकायचा, पावसाळ्यात घाटात पाय तयार ठेवायचे. उन्हाची सवय मात्र दोन-तीन आठवड्यांत उतरते, ती ऑस्ट्रेलियात दहा-बारा दिवस आधी पोचूनच करावी लागते.

शेवटच्या सकाळी बिग रेड येते, साधारण ४० मीटर उंच, वाळवंटातली शेवटची मोठी टेकडी. ती बहुतेक सगळे ढकलतच चढतात आणि त्यात काही गमावत नाहीत. तिथून बर्ड्सव्हिल जवळपास ३५ किमी, रस्ता कडक. चार पीएसआयवर तो रस्ता चिखलासारखा ओढतो. माथ्यावर फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत न थांबता खाली उतरा, पंप काढा आणि दोन्ही टायर दहावर न्या. पाच-सहा मिनिटं जातात. ताशी १७ ऐवजी २० मिळाले तर १८ वाचतात.